मला कोबी करा

माझ्या आत्याला शहरात कुणी नावाने ओळखत नाही. ती ब्रेकबाई. गाडी शिकवायचा वर्ग चालवते, आणि तिच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी असतो तसाच आणखी एक ब्रेक तिच्याही पायाशी आहे. आयुष्यभर असा जादा ब्रेक वापरून माणसाचं काय होतं ते बघायचं असेल तर तिच्या घरी चार दिवस राहावं. आतोबांनी जेवताना वरून मीठ घेतलं की टेबलाखाली तिचा पाय दाबला जातो. पाहुणा फार लांबण लावायला लागला तरी दाबला जातो. मी तिच्या वर्गाच्या ऑफिसात बसते, फोन घेते, कुणाची शिकवणी कधी ते ठरवते, आणि भाची असल्यामुळे पगारापेक्षा बोलणी जास्त खाते.

तिचं आणखी एक काम आहे. त्याला पगार नाही, फक्त खर्च भरून मिळतो. ती नगरपरिषदेची तात्पुरती पालक आहे. कुणाची आई दवाखान्यात असते, कुणाचा बाप कुठे गेला ते बापालाही माहीत नसतं, कुणाच्या घरात अशी भांडणं होतात की शेजारी पोलिसांना बोलावतात. अशा वेळी बालविभागातल्या बाई आत्याला फोन करतात आणि थोड्याच वेळात एक मूल दारात उभं असतं. आत्या त्याला नाव विचारत नाही, खायलाही देत नाही. आधी अंगणात उभ्या असलेल्या शिकवणीच्या गाडीत, चालकाच्या जागेवर बसवते आणि गंभीर चेहरा करून सांगते, हा हॉर्न वाजतो की नाही याची मला शंका आहे, जरा बघतोस का. मग तो हॉर्न जो सुरू होतो, की गल्लीत सगळ्यांना कळतं, नवीन कुणीतरी आलं. पूर्वी लोक तक्रार करायचे. आता कान झाकून आपापल्या कामाला लागतात.

तिला स्वतःला मूल नाही म्हणून ती हे करते, असं बोलणारे आहेत. त्यांना उद्योग नाहीत. तिला हॉर्न वाजवणारी मुलं आवडतात, एवढंच आहे ते.

यंदा आल्या त्या दोघी बहिणी. थोरली नऊ वर्षांची, धाकटी चार. आईच्या पाठीवर मोठं ऑपरेशन झालेलं, ती चालायला लागायला अजून बरेच महिने होते आणि तिच्या माघारी मुलींना बघणारं दुसरं कुणी नव्हतं. धाकटीची गंमत अशी की ती फक्त थोरलीच्या कानात बोलायची आणि थोरली ते आम्हाला सांगायची. ‘ही म्हणतेय, दूध गरम आहे.’ ‘ही म्हणतेय, तिला झोप आलेली नाही.’ थोरली त्यात स्वतःचं काही घालायची नाही आणि काही गाळायचीही नाही. पहिल्याच संध्याकाळी ती आतोबांकडे वळून शांतपणे म्हणाली, ‘ही म्हणतेय, तुमच्या कानात केस आहेत.’ आतोबा घड्याळं दुरुस्त करतात, हाताशी बारीक चिमटे असतातच. दुसऱ्या दिवशी त्यांचे कान स्वच्छ होते. जे काम आत्याला लग्न झाल्यापासून जमलं नव्हतं ते चार वर्षांच्या पोरीने एका वाक्यात केलं, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून.

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. दोघींना वेगळं केलं तर धाकटी कुणाशीच बोलली नसती. म्हणून बालविभागानेच सांगून ठेवलं होतं की या दोघींना एकत्र ठेवायचं. आणि दोघींना एकदम घेणारं घर त्यांच्याकडे एकच होतं, ते आत्याचं.

आता नगरपरिषदेकडे वळते. यंदा तिच्या तिजोरीत खडखडाट होता. रस्त्यावरचे दिवे विझलेले, शाळेचं छप्पर गळतंय, आणि प्रत्येक खात्याला कात्री लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हे मी त्यांच्या बाजूने सांगते आहे, कारण पुढे त्यांच्या बाजूने फारसं काही सांगणार नाही. त्यात लेखाधिकारी नवे. त्यांनी सगळा हिशेब नव्या संगणकावर घेतला, आणि त्या संगणकात शीर्षकाला जागा अगदी कमी. मग ‘तात्पुरते’ हा शब्द उडाला, ‘बालकांसाठी’ उडाला, आणि मागे उरलं ते असं: पालक निवड, पालक वाहतूक, पालक राखीव. लेखाधिकारी गृहस्थ सज्जन. घरची भाजी रोज स्वतः आणतात. त्यांनी क्षणभरही विचार न करता ही तिन्ही शीर्षकं कचेरीच्या उपाहारगृहाच्या खर्चात नेऊन टाकली.

खर्च मंजूर करायला जी सभा भरली तिची चित्रफीत पुढे घराघरांत पोचली. मी ती इतक्या वेळा पाहिली आहे की कोण कधी खोकतं तेही सांगेन. अर्थ समितीचे सभापती उपाहारगृहाचा खर्च वाचतात. वाचता वाचता थबकतात. पालक निवडायला एवढा खर्च? एका सदस्यांना पाठदुखी आहे, ते नेहमी उभे राहूनच बोलतात. ते म्हणतात की आमच्याकडे ही टीव्ही बघता बघता दोन जुड्या निवडते, तिला तर कुणी काही देत नाही. मग कुणीतरी वाहतुकीचा आकडा बघून विचारतं की हा पालक टॅक्सीने येतो का. राखीव म्हटल्यावर तर सगळेच चवताळतात, कारण पालक राखून ठेवला की दुसऱ्या दिवशी पिवळा पडतो, हे अर्थशास्त्र प्रत्येकाला येत होतं. एक सदस्या पालकात लोह असतं म्हणून त्याची बाजू घेतात. शेवटी तडजोड निघते. कोबी. कोबी टिकतो, निवडावा लागत नाही, आणि स्वस्त असतो. ठराव झाला: ‘पालक पूर्णपणे बंद करण्यात यावा व त्याऐवजी कोबी घेण्यात यावा.’ एकमताने मंजूर. वाचलेली रक्कम सभागृहाच्या नव्या खुर्च्यांकडे वळवण्यात आली. उपाहारगृहाचा आचारी तिथे असता तर त्याने सांगितलं असतं की आपण कित्येक वर्षांत पालकाला हात लावलेला नाही. पण आचाऱ्याला सभेला कोण बोलावतं.

हा ठराव बालविभागात पोचला तेव्हा तिथल्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी आत्याला फोन केला तो मीच घेतला आणि स्पीकरवर टाकला. बाई म्हणाल्या की पालक बंद झाले, सगळेच, महिनाअखेरपासून. मुलींची सोय करावी लागेल. धाकटीला शिशुगृहात आणि थोरलीला मुलींच्या वसतिगृहात. शिशुगृह एका गावाला होतं, वसतिगृह दुसऱ्या.

आत्याचा पाय टेबलाखाली दाबला गेला आणि तसाच राहिला. मला तर रडूच आलं. धाकटी दारातून आमच्याकडे बघत होती आणि थोरली शाळेत गेली होती, म्हणजे ती काय म्हणतेय ते सांगायलाही कुणी नव्हतं.

‘पालकांच्या जागी काय म्हणालात?’ आत्याने विचारलं.

‘कोबी,’ बाई म्हणाल्या. ‘ठरावात तसंच लिहिलंय. मला नीट माहिती आलेली नाही अजून. नवी योजना दिसतेय.’

बाईंचं आयुष्य सरकारी कागदांत गेलेलं. त्यांना दोन अक्षरं दिसली की त्यामागे दोन मोठे शब्द दिसतात. त्या म्हणाल्या की को म्हणजे कोमल असावं आणि बी म्हणजे बीज. कोमल बीज योजना. मुलांसाठीच्या योजनांची नावं अशीच असतात. मला ते इतकं पटलं की मी लगेच वहीवर लिहून घेतलं.

आतोबा आतल्या खोलीतून म्हणाले की कोबी म्हणजे कोबीच असेल. आत्या म्हणाली, तुम्ही गप्प बसा, इथे गंभीर बोलणं चाललंय. ते गप्प बसले. त्यांचं संसारातलं स्थान हे असं आहे.

मग आत्याने बाईंना विचारलं की कोबी व्हायला काय लागतं. वय किती, घर केवढं, प्रशिक्षण असतं का. बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, पुढच्या सभेत नागरिकांना बोलता येतं, तुम्ही स्वतःच जाऊन विचारा. आत्या आठवडाभर तयारी करत होती. घराच्या खिडक्या घासल्या, जिन्याला जाळी लावली, शिकवणीला येणाऱ्या एका डॉक्टरकडून आपण ठणठणीत असल्याचं लिहून आणलं. कोबीच्या अटी कडक असणार याबद्दल आम्हा दोघींच्या मनात काही शंका नव्हती.

सभेला आम्ही चौघी गेलो. मुलींना घरी ठेवायला आत्या तयार नव्हती. सभागृहात गेल्यावर नव्या खुर्च्या कशाला हव्यात ते मला कळलं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. माझ्या खुर्चीला तीन पाय धड आणि चौथा नावापुरता. मुली बसताच त्यांची खुर्ची एका बाजूला कलली. शिपायाने त्यांना उचलून सभापतींच्या मागे, भिंतीला लागून एक लाकडी बाक होतं त्यावर नेऊन बसवलं. तिथून दोघी सगळ्या सभेकडे बघत होत्या, पाय हलवत.

आत्याचा नंबर आला. ती उभी राहिली, घसा साफ केला आणि म्हणाली, ‘मी बरीच वर्षं या शहराची पालक आहे. आता तुम्ही पालक बंद केलेत. माझी तक्रार नाही. मला फक्त कोबी करा.’

सगळे सदस्य एकमेकांकडे बघायला लागले. सभापती आत्याला चांगले ओळखत होते. वेड लागण्याइतकी ती म्हातारी झालेली नाही हेही त्यांना दिसत होतं. त्यांनी फार सौम्य आवाजात विचारलं की बाई, तुम्ही भाजी पुरवता का. आत्या म्हणाली, मी गाडी शिकवते, तुम्हाला माहीत आहे. मग पालकाशी तुमचा संबंध काय? आत्या म्हणाली, मीच पालक. पाठदुखीवाल्या सदस्यांना यात नवा भ्रष्टाचार दिसू लागला. ते उठून म्हणाले की पालक निवडायला तुम्ही माणसं लावता हे खरं का.

‘मी नाही लावत,’ आत्या म्हणाली. ‘तुमचीच माणसं येतात निवडायला. मला निवडलं तेव्हा दोघं आले होते. माझं स्वयंपाकघर बघितलं, शेजाऱ्यांना विचारलं, मी चिडल्यावर काय करते ते विचारलं. दिवसभर निवडत होते मला.’

‘वाहतूक?’ सभापतींनी विचारलं. त्यांचा आवाज आता बारीक झाला होता.

‘मुलांना शाळेत आणि दवाखान्यात न्यायची.’

‘आणि राखीव?’

‘रात्री-अपरात्री मूल आलं तर कुणीतरी तयार असावं लागतं, साहेब. ते मी आणि आणखी दोन घरं.’

सभापतींनी लेखाधिकाऱ्यांकडे बघितलं. लेखाधिकारी आधी पांढरे झाले, मग लाल, आणि मग त्यांच्या तोंडून इतकंच निघालं की मला वाटलं भाजी. बस. पुढे काय झालं ते चित्रफितीतही नीट दिसत नाही, कारण चित्रण करणाऱ्याचा कॅमेरा हलायला लागला. सदस्य पोट धरून हसत होते. लोहवाल्या सदस्या टेबलावर हात आपटत होत्या. शिपाई दाराला टेकून खाली बसला. पाठदुखीवाले हसले की त्यांची पाठ दुखायची, त्यामुळे ते एकदा हसायचे आणि एकदा कण्हायचे. माझी खुर्ची हसता हसता मोडली आणि मी जमिनीवर बसून हसले. आणि आत्या. आत्याला कळायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. तिने डॉक्टरांचा कागद हातात धरलेला होता. ‘म्हणजे कोबी म्हणजे,’ ती म्हणाली, आणि पुढे तिला बोलताच येईना. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मागच्या बाकावरून थोरलीचा आवाज आला, ‘ही विचारतेय, काय झालं,’ आणि सभा पुन्हा कोसळली.

इथे संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

सभापतींनी डोळे पुसले. म्हणाले, चूक ती चूक, सुधारून घेऊ. पण पैसे खुर्च्यांकडे गेले आहेत, आणि ते आता परत आणायचे तर खुर्च्या थांबवाव्या लागतील. त्यापेक्षा पुढच्या अंदाजपत्रकात पालकांचं खातं नव्याने घालू. तोवर दोन मुलींचीच तर गोष्ट आहे. एकीला इथे, एकीला तिथे, थोडेच महिने. हे सगळं ते अगदी प्रेमाने बोलले, आणि दोन-तीन माना हलल्याही. इतका वेळ मी त्या माणसाबरोबर हसले होते, आणि आता त्याचा गळा धरावासा वाटत होता. चुकून केलं तेव्हा हसू आलं होतं. आता तो तेच सगळं कळून सवरून करायला निघाला होता.

आत्या हसायची थांबली. ती व्यासपीठावर चढली. सभापतींच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी होती, ती ओढून तीत बसली. शिकवताना ती तशीच बसते. आणि सभापती तिच्याकडे शिकलेले. शहरातला अर्धा अधिकारवर्ग तिच्याकडे शिकलेला आहे, आणि तिच्या शेजारी बसलं की आजही त्यांचे हात आपोआप समोर येतात. सभापतींचेही आले.

‘घाई करू नका,’ ती हळू आवाजात म्हणाली. माईक चालू होता, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. ‘आधी मागे बघा.’

सभापतींनी मान वळवून मागे बघितलं. हे त्यांनी विचार करून केलं नाही, ते त्यांच्या अंगातच बसलेलं होतं.

‘काय दिसतं?’

बाकावर दोघी बसल्या होत्या. धाकटी थोरलीच्या कानाला लागली होती, आणि थोरलीने या खेपेला ते कुणाला सांगितलं नव्हतं. ती नुसती सभापतींकडे बघत होती. ती नऊ वर्षांची होती. एकीला इथे आणि एकीला तिथे, हे तिला समजलं होतं.

‘मुलं,’ सभापती म्हणाले.

‘मागे मुलं असली तर काय करायचं?’

सभापतींनी मान पुन्हा पुढे वळवली. मग हळूच म्हणाले, ‘ब्रेक.’

‘मग लावा की.’

त्यांचा पाय टेबलाखाली हलला असं मला वाटलं, पण ते मी शपथेवर सांगणार नाही. त्यांनी माईक जवळ घेतला आणि विचारलं की खुर्च्यांची खरेदी पुढच्या वर्षावर टाकायला कुणाची हरकत आहे का. सगळ्यांनी पाठदुखीवाल्या सदस्यांकडे बघितलं, कारण नव्या खुर्चीची गरज खरोखर कुणाला असेल तर त्यांनाच. ते जरा पुटपुटले. मग एक हात कमरेवर ठेवून त्यांनी दुसरा वर केला, आणि त्यांच्यामागून बाकीचे हात वर गेले. ठराव मागे घेण्यात आला. सभापती तो वाचून दाखवताना दोनदा अडखळले. लेखाधिकारी आमच्याकडे माफी मागायला आले, आणि धाकटीला बघून बिचारे गहिवरले.

घरी येताना गाडीत आम्हाला पुन्हा हसू फुटलं. मी ‘कोमल बीज’ म्हणायचे आणि आत्या स्टिअरिंग सांभाळत मला गप्प बस म्हणायची, आणि परत स्वतःच सुरू व्हायची. आतोबांना सांगायचं की नाही यावर आमचं एकमत झालं. सांगायचं नाही, त्यांना पुढे वर्षभर तेवढंच पुरेल. मागे बराच वेळ कुजबुज चालली होती. मग थोरलीने पुढे झुकून विचारलं, ‘ही विचारतेय, पालकाची जुडी दोऱ्याने बांधतात ना?’

हो, बांधतात, आत्या म्हणाली.

पुन्हा कुजबुज झाली.

‘ही विचारतेय, मग आम्ही दोघी एकाच जुडीतल्या का?’

‘एकाच,’ आत्या म्हणाली. ‘तुमची आई चालायला लागेपर्यंत ती जुडी कुणी सोडणार नाही.’

या वेळी धाकटीला जास्त वेळ लागला. थोरलीने तिला मध्येच काहीतरी विचारलं, नीट समजून घेतलं, आणि मग नेहमीसारखं जसंच्या तसं सांगितलं.

‘ही म्हणतेय, सोडायची नाहीच. आई आली की तिलाही आत घ्यायची आणि परत बांधायची. आणि दोरा तुझ्याकडे ठेवायचा.’

आत्याला पुढचा रस्ता दिसेना. तिने गाडी बाजूला घेतली आणि उभी केली, आणि आम्ही चौघी बराच वेळ तिथेच बसून होतो.